तुझ्या चोवीस आठवड्यांविषयी

पुणे, रविवार दुपार

प्रिय पोरी,

आयर्नमॅनच्या सरावाचे तिन्ही प्लॅन मिळाले. फोनवर वाचून माझ्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि जेवण झाल्यावर लाल पेन घेऊन बसले. ‘ताई, यातला कुठला घेऊ?’ असं तू विचारलंयस. मधला घे. पण आहे तसा घेतलास, तर ऑगस्टमध्ये तूच मला रडत फोन करशील, म्हणून हे लांबलचक पत्र.

सगळे करतात तेच तूही केलंयस. प्लॅन हातात आल्या आल्या सगळ्यात जड आठवडा उघडून पाहिलास. पहिल्या प्लॅनमधले ‘अठरा तास’ तू अधोरेखित केलेत, पुढे दोन उद्गारचिन्हंही आहेत. अगं, तो आठवडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचा तो पहिला आठवडा. तुझ्या घड्याळातल्या नोंदी तूच दाखवल्या होत्यास: गेल्या महिन्यात आठवड्याला सरासरी पाच तास. तो प्लॅन सुरूच अकरा तासांपासून होतो. म्हणजे तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर जी व्यक्ती होती ती तू नाहीस. तिसरा प्लॅन दिसायला गोड आहे, पण त्यात सायकलचं सगळं गणित वॉटमध्ये आहे आणि तुझ्या सायकलला पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) नाही. नुसत्या प्लॅनसाठी एवढे पैसे घालू नकोस. मधला सात तासांवर सुरू होतो, चौदावर चढतो, आणि दर चौथ्या आठवड्याला उतरतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्याला अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात पाचाचे सात कर. बाकी काही नको.

आता जरा आकडेमोड. आयर्नमॅन म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, 42.2 किलोमीटर पळणं. तू शंभर मीटर साधारण 2 मिनिटं 40 सेकंदांत पोहतेस. या वेगाने पोहायला 1 तास 41 मिनिटं लागतील. पोहण्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी 2 तास 20 मिनिटांची असते, म्हणजे हाताशी बरीच सवड आहे. सायकल ताशी 24 ने चालवलीस तर साडेसात तास. पळणं आणि चालणं मिळून साडेपाच ते सहा. कपडे-बूट बदलण्यासकट पंधरा-सव्वापंधरा तास. पाण्याला तू सगळ्यात जास्त घाबरतेस, पण निम्मा दिवस जाणार आहे तो सायकलवर, आणि सायकलवर थकलीस तर त्याची वसुली पळताना होते. म्हणून वेळ कमी पडला की कात्री आधी पोहण्यावर चालव, मग छोट्या पळण्यावर, आणि आठवड्याच्या लांब सायकलला अगदी शेवटी हात लाव.

पोहण्याचंच बघ. प्लॅनमध्ये बुधवारी 3500 मीटर लिहिलंय. ज्याने लिहिलं त्याने आपल्याकडची पंचेचाळीस मिनिटांची बॅच पाहिलेली नाही. शिट्टी वाजली की पाण्याबाहेर. त्यात लेनमध्ये गप्पा मारत ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्या दोन काकू असतात (मीही एकेकाळी त्यांतलीच होते). तुझ्या वेगाने पंचेचाळीस मिनिटांत फार तर सोळाशे मीटर होतील. तेव्हा आठवड्यात दोनदा सोळाशे मीटर, थांबून थांबून पण जोर लावून, आणि पंधरवड्यातून एकदा रविवारी लागोपाठच्या दोन बॅचची तिकिटं काढून सलग लांब पोहणं. तेवढं पुरतं.

उघड्या पाण्यासाठी मात्र खडकवासल्यात उतरायचं मनातही आणू नकोस. ते पुण्याचं पिण्याचं पाणी आहे, तिथे पोहायला बंदी आहे, आणि काठच्या गाळाने दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पोर नेलेलं आपण पेपरात वाचतोच. पावसाळा सरल्यावर दोनदा मालवण गाठ. चिवला किनाऱ्यावर समुद्री पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यामुळे पाण्याची जाण असलेली माणसं तिथे भेटतात. कुणाला तरी सोबत घेतल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

आता मुद्द्याचं. प्लॅन आपल्या बऱ्या आठवड्याला बसून उपयोग नाही, वाईट आठवड्याला बसला पाहिजे. मंगळवारी आणि गुरुवारी तुझे अमेरिकेचे कॉल रात्री साडेअकरापर्यंत चालतात. सोमवारी-बुधवारी हिंजवडीला जाणं-येणं, तेही वाकडच्या पुलावरून. आणि प्लॅन काय म्हणतो? बुधवारी पहाटे साडेपाचला पोहणं, शुक्रवारी पहाटे जोराचं पळणं. पाच तास झोपून जोराचं पळायला गेलीस तर हातात येते ती फक्त दुखापत.

म्हणून आठवडा असा फिरवलाय. सोमवारी सुट्टी, पूर्ण. मंगळवारी सकाळी जोराचं पळणं, कारण सोमवारी रात्री तू झोपलेली असतेस. बुधवारी संध्याकाळची पोहण्याची बॅच. गुरुवारी सकाळी तासभर ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर, सायकल, घरातच. शुक्रवारी पहाटे काहीही नाही, संध्याकाळी जमलं तर पोहणं, नाही जमलं तर पिशवी भरून शनिवारची तयारी. शनिवारी लांब सायकल आणि उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळणं. रविवारी आरामात लांब पळणं, आणि पोहण्याचा रविवार असेल तेव्हा ते त्याच्यानंतर. यातल्या तीन गोष्टींभोवती मी लाल गोल केलाय: मंगळवारचं पळणं, शनिवारची सायकल, रविवारचं पळणं. या तीन झाल्या तर आठवडा झाला. बाकी बुडलं तर बुडलं.

शनिवारच्या त्या वीस मिनिटांसाठी एक युक्ती सांगते. पळायचे बूट आणि टोपी वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये ठेवून निघ. परत आलीस की सायकल त्यांच्या खुर्चीमागे टेकव, तिथेच बूट बदल आणि गेटाबाहेर पड. एकदा लिफ्टने वर गेलेली बाई पुन्हा खाली पळायला येत नाही. मी तीन वर्षं हे करून बघितलंय. वर गेलं की पोह्यांचा वास येतो आणि संपलं.

बुडलेल्याविषयी अजून एक. राहिलेलं कधीही भरून काढायचं नाही. माझ्या पहिल्या खेपेला सातव्या आठवड्यात ताप आला, पाच दिवस गेले. मी हिशेबाची बाई, बँकेत तीस वर्षं काढलेली, खात्यात तूट दिसली की झोप येत नाही. सहाव्या दिवशी उठून दोन दिवसांत सगळं ‘भरलं’. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना डाव्या नडगीत सुई टोचल्यासारखं झालं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे अतिताणाने हाडाला गेलेला बारीक तडा. त्या वर्षीची स्पर्धा मी घरी बसून, पाय उशीवर ठेवून लोकांच्या फोटोंत पाहिली. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस नुसतं हलकं, मग जिथे प्लॅन असेल तिथून पुढे. मागे वळून बघायचं नाही.

हलकं म्हणजे किती, हे तू विचारणारच. ठोके हलक्या पट्ट्यात आहेत की जोराच्या, हे घड्याळ दाखवतं, पण मनगटावरच्या सेन्सरवर फार विसंबू नकोस. पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हण. मध्ये धाप न लागता ‘सतरा दाहे सत्तरासे’पर्यंत पोचलीस तर वेग बरोबर आहे. पाढाच येत नसेल तर तो वेगळा विषय. बहुतेक तास असेच गेले पाहिजेत. नवखी माणसं हलक्या दिवशी जरा जास्त जोर लावतात आणि जोराच्या दिवशी पाय उचलत नाहीत.

तू स्पर्धा निवडलीस ऑस्ट्रेलियातल्या बसल्टनची, डिसेंबरच्या सुरुवातीची. तिथे समुद्रात जवळजवळ दोन किलोमीटर आत गेलेल्या जेट्टीला वळसा घालून पोहायचं असतं, आणि सायकलचा रस्ता सपाट. सपाट ऐकून तू खूश झालीस. मी नाही झाले. आपण पुणेकर घाटांवर पोसलेले. सिंहगड, बोपदेव, कात्रज. चढताना जीव काढायचा, उतरताना पाय मोकळे सोडायचे. सपाट रस्त्यावर उतारच नसतो, म्हणजे पायाला सुट्टीच नाही. सात-साडेसात तास पॅडल मारत, वाऱ्यात, एकाच पोझिशनमध्ये वाकून. मान आणि कंबर मांड्यांच्या आधी बोलायला लागतात. म्हणून सप्टेंबरनंतर महिन्यातून दोनदा सोलापूर रस्ता. भिगवणपर्यंत गेलीस तर जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास होतं. तू यवतपासून सुरुवात कर आणि दर वेळी थोडी पुढे जा. रस्ता कंटाळवाणा आहे, ट्रक आहेत, येताना वारा तोंडावर असतो, आणि नेमकं तेच हवंय. गटानेच जायचं, मागचा दिवा दिवसाही लावून. सिंहगडावर जा, जरूर जा, पण तो पिठलं-भाकरीसाठी.

आपलं पंचांगही प्लॅन लिहिणाऱ्याला माहीत नसतं. जुलैत पालखी येईल, तो शनिवार-रविवार रस्त्यांवर वारकऱ्यांचा हक्क. दिवे घाटाकडे सायकल नेऊच नकोस, जमलं तर वारीबरोबर चालत जा. चार-पाच तास पायांवर राहणं हाही सरावच आहे. पावसात ओल्या रस्त्यावर लांब सायकल मारण्यापेक्षा ट्रेनरवर तीन तास बरे, फक्त पंखा मोठा लाव आणि खाली जुनी सतरंजी टाक. गणपतीचे दहा दिवस हलके ठेव, नाहीतरी ढोल-ताशाच्या पथकातून तू सुटणार नाहीस. खरी अडचण दिवाळीची. प्लॅनमधला सगळ्यात जड आठवडा नेमका लक्ष्मीपूजनावर येतोय. तो मी एक आठवडा आधी सरकवलाय आणि दिवाळीचा आठवडा उताराचा केलाय. फराळ करताना मन खात राहणार नाही. त्यानंतर एक मध्यम आठवडा, आणि शेवटचे दोन आठवडे उतरते. या दोन आठवड्यांत तुला वाटेल की आपण सगळं विसरलो, पाय जड आहेत, सर्दी होतेय. सगळ्यांना वाटतं. त्या दिवसांत मला फोन कर, सायकल बाहेर काढू नकोस.

लांब पळणं अडीच तासांच्या पुढे नेऊ नकोस. फार फार तर एकदा तीन. पुरे 42 सरावात पळायची हौस बहुतेकांना येते, आणि तिची वसुली पुढचे दोन आठवडे चालते.

खाणं. हवाईत 18 फेब्रुवारी 1978 ला पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी पूर्ण केली. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तो तरी दुसरा आला, तू ते करू नकोस. सायकलवर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं धर, म्हणजे साडेसात तासांत साडेचारशे ग्रॅम. एका केळ्यात जेमतेम पंचवीस असतात. भुकेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी काहीतरी तोंडात. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, बाटलीत साखर-लिंबू-मीठ. राजगिऱ्याचा लाडू नको, यवतच्या पुढे उन्हात त्याचा जर्सीच्या खिशात भुगा होतो आणि तो भुगा श्वासाबरोबर घशात जातो. मला अनुभव आहे. सरावात पोटाने जे चालवून घेतलं नाही ते स्पर्धेत खायचं नाही, मग स्टॉलवर कितीही फुकट वाटोत.

आणि एक, जे प्लॅनमध्ये कुणीच लिहीत नाही. सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घे. पाळीच्या तारखा त्याच वहीत लिही. ती दोन-तीन महिने आलीच नाही तर ‘सराव अंगी लागला’ म्हणून खूश व्हायचं नाही. त्याचा अर्थ बहुधा खाणं कमी पडतंय, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. डॉक्टरकडे जा आणि तास कमी कर. माझी नडगी मोडली तेव्हा मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

चोवीस आठवडे एकदम भिंतीवर चिकटवू नकोस. पहिले चारच छाप, पेन्सिलने दुरुस्त कर, चौथा संपला की पुढचे चार. शनिवारी सहा वाजता हडपसरला गाडीतळापाशी भेटू. पंप मी आणते. ट्यूब तुझी तू आण, आणि या वेळी तुझ्या चाकाच्या मापाची आण.

तुझी,
ताई