सुरूच न झालेल्या इमारती मोज

प्रिय मित्रा,

घरटंचाईवरचं तुझं टिपण वाचलं. ‘खर्च वाढला म्हणून घरं महागली’ असं तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस. चूक नाही, पण मधली पायरी तू गाळलीस.

सिमेंट-सळई महागली म्हणून घराचा भाव लगेच वाढवता येत नाही. विकायला निघालेल्या घरांत बहुतेक जुनी असतात आणि त्यांच्या मालकांना आजच्या सळईच्या भावाशी देणंघेणं नसतं. गिऱ्हाईकही पगारावर कर्ज जितकं मिळेल तितकंच मोजणार. समजा, प्रकल्पाचा खर्च 100 आणि विक्री 115. खर्च दहा टक्क्यांनी वाढला की हातात 15 ऐवजी 5 उरतात. एवढ्यासाठी जोखीम कोण घेणार? बँकही हात आखडते. प्रकल्प फायलीतच राहतो, मागणी मात्र थांबत नाही, आणि भाव भडकतात ते काही वर्षांनी. आधी टंचाई, मग महागाई, असा हा क्रम आहे.

2021 साली लाकूड-पोलाद जगभर महागलं आणि पुढच्याच वर्षी अनेक देशांत व्याजदर चढले. व्याज तर दोन्हीकडून मारतं: बांधणाऱ्याचा खर्च वाढतो आणि घेणाऱ्याची ऐपत घटते.

उशिराचं गणित याहून निर्दय. जागेत अडकलेल्या पैशावर व्याज चढतच राहतं. 12 टक्के चक्रवाढीने दोन वर्षांत 100 चे 125 होतात, तेही एक वीट न रचता. मंजुरीची फाइल अडवणाऱ्याला हे दिसत नाही, कारण भुर्दंड त्याच्या खिशाला बसत नाही. (नियम उठवा असं मी म्हणत नाही, आगीचे आणि भूकंपाचे नियम हवेतच. नकार द्यायचा तर तोही लवकर द्यावा, एवढंच.) तोवर नाव नोंदवलेलं कुटुंब भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसतं. ते हललं असतं, तर त्याची भाड्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती.

यात आधी गळतात ती लहान घरं. स्वयंपाकघर, संडास, नळकाम यांचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटत नाही, म्हणून बांधणाऱ्याला मोठी घरंच परवडतात.

कामगारांवर तू एकच ओळ लिहिलीस. 2008 च्या मंदीत अमेरिकेतल्या बांधकामातले लाखो रोजगार गेले. अनेक जण या धंद्यात परतलेच नाहीत आणि मागणी पुन्हा आली तेव्हा कुशल हात मिळेनात. तो मुद्दा वाढव.

आता मंजुरी मिळूनही सुरू न झालेल्या घरांची संख्या काढ, आणि अर्जापासून ताब्यापर्यंत किती महिने जातात तेही. सरासरी नको, सर्वांत रखडलेली प्रकरणं वेगळी काढ. आकडे जमले की पाठव, मग दुसरा मसुदा बघू.

तुझा,
एक जुना अंदाजपत्रकवाला