बायपासमध्ये भुलीच्या औषधांनी मेंदू सुरक्षित राहतो का?

वडील ६८ वर्षांचे, नागपुरात बायपास ठरलंय, आणि "भूल चांगली दिली की मेंदूला काही होत नाही" असं गावात कुणी सांगितलं, ते खरं का, हा तुमचा प्रश्न. मी भूलतज्ज्ञ आहे. काही वर्षं नागपुरात हृदयाच्या ऑपरेशनला भूल दिली, आता यवतमाळ जिल्ह्यात काम करतो. नुसत्या औषधाच्या भरवशावर मेंदू वाचतो, असं सिद्ध झालेलं नाही.

आशा मात्र खोटी नव्हती. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो २० टक्के घेतो. थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल या भुलीच्या औषधांनी त्याला गाढ झोपवलं की ही गरज निम्म्यावर येते. १९८६च्या एका अभ्यासात हृदय उघडून केलेल्या ऑपरेशनांत थायोपेंटोनचा फायदा दिसलाही. पण १९९१ मध्ये बायपासच्या रुग्णांत तो दिसला नाही, आणि १९९९ मध्ये झडपेच्या ऑपरेशनांत प्रोपोफॉलनेही निराशाच केली.

कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढची पऱ्हाटी सुकते. तिची तहान कमी केली तर थोडा वेळ मिळेल, पण कचरा निघत नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, म्हणजे महाधमनीला, चिमटा लावताना, नळी घालताना आतला चुनखडीसारखा थर सुटतो आणि रक्तासोबत मेंदूत जाऊन अडकतो. मोठं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं.

म्हणून सर्जनला विचारायचं ते हे: महाधमनीची सोनोग्राफी करून जागा निवडणार का? हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर असताना बीपी किती ठेवणार? शरीर थंड केलं तर परत गरम किती सावकाश करणार? तापमान एक अंश उतरलं की मेंदूची गरज साधारण ६-७ टक्के घटते, हा फायदा खरा आहे. पण घाईने ३७च्या वर गरम केलं तर मेंदूला तोच ताप बाधतो.

आणि इथेच आपल्या विदर्भातली एक गोष्ट, जिच्यावर माझा फार जीव अडकतो. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात तो बराच आहे, आणि कित्येकांना आपल्याला आहे हे माहीतच नसतं. थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता, दोन्हींनी त्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. मेंदू वाचवायला केलेली थंडीच मग घातक ठरू शकते. वडिलांची तपासणी झाली नसेल तर या आठवड्यातच करा आणि रिपोर्ट भूलतज्ज्ञाच्या हातात द्या. खर्रा, तंबाखू, दारू किती, तेही लपवू नका.

शेवटी, ऑपरेशननंतर दोन-चार दिवस म्हातारी माणसं भ्रमतात. माझा एक रुग्ण, कास्तकार, आयसीयूत रात्रभर ओरडत होता, "बैल सुटले, त्याइले बांधा!" घरचे रडायला लागले, मेंदू गेला म्हणून. मुलाने चष्मा लावून दिला, हात धरला, म्हणाला, "बाबा, बैल कोठ्यातच हायेत." तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः चहा मागत होते. तेव्हा चष्मा, कानाचं मशीन सोबत न्या, त्यांच्याच बोलीत बोला. मात्र एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा जीभ अडखळली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी सिस्टरला बोलवा.