नेमबाजाने आपला पारा ओळखावा

सामन्याच्या दिवशी छाती धडधडते म्हणून आपण घाबरट आहोत, असा निष्कर्ष नव्या नेमबाजाने काढू नये. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की काम जितके अवघड, तितका त्याला मानवणारा उद्दीपक, म्हणजे उत्तेजित करणारी गोष्ट, सौम्य असावा लागतो. शड्डू ठोकून अंगात येणारी जी रग पैलवानाला उपयोगी पडते, तीच १० मीटर एअर पिस्तुलात ११.५ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळाबाहेर छर्रा नेते. (हृदयाची गती मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधे या खेळात निषिद्ध आहेत, ती उगाच नव्हे.) तथापि अगदी थंड पडणेही वाईटच, कारण मग ट्रिगरवरचे बोट आळसावते. म्हणून प्रत्येक सरावानंतर वहीत गुणांशेजारी आपली उत्तेजना १ ते १० या मापात नोंदवावी. महिन्या-दोन महिन्यांत आपल्याला कोणता आकडा मानवतो, हे कळू लागते. पारा चढला असल्यास उच्छ्वास लांबवावा, उतरला असल्यास चार पावले झपझप चालून यावे. आणि नेम फार वेळ रेंगाळला, तर हट्टाने ट्रिगर न दाबता पिस्तूल खाली टेकवावे. ६० शॉटसाठी ७५ मिनिटे मिळतात, तेव्हा घाई कसली?