वाढदिवसाच्या प्रार्थनेतील एक वाक्य

प्रिय बाळा,

तुझ्या वाढदिवशी आजोबांनी फोनवर प्रार्थना केली आणि शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाले, "प्रभू, हे लेकरू तुझेच आहे, ते तुझ्या हाती देतो." फोन ठेवल्यावर तू मला विचारलेस, "आई, मी तुमची नाही का? दर वर्षी मला परत का देता?" मी "आपल्याकडे तसे म्हणायची पद्धत आहे" एवढेच बोलले. ते उत्तर अपुरे होते आणि तुझा प्रश्न मला लागून राहिला आहे, म्हणून हे लिहिते आहे. पटले नाही, तर तसे मोकळेपणाने सांग.

हेच वाक्य ऐकत मी वाढले. आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना सहसा चुकत नसे आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याला मध्ये बसवून बायबलमधील १२७ वे स्तोत्र वाचले जाई. संतती हे परमेश्वराने दिलेले धन आहे, पोटचे फळ ही त्याची देणगी आहे, ही ओळ आली की तुझ्या आजोबांचा जड हात डोक्यावर येई. त्या हाताखाली मला फार सुरक्षित वाटे. मात्र तोच हात, मुलाला छडी लावायला कचरू नये या बायबलच्या नीतिसूत्रांतील वचनाचा आधार घेऊन, आमच्यावर उठतही असे. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव आपण अशी हाताळतो का, हे मी त्यांना कधीच विचारू शकले नाही. बापांनी आपल्या मुलांना चिरडीस आणू नये, असे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. ते वचन आमच्या घरी क्वचितच वाचले गेले. तू चार वर्षांची असताना मीही एकदा तुझ्यावर हात उचलला होता. तुला ते आठवत नसेल, पण त्या रात्री मला प्रार्थना करता आली नव्हती.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नाही. माझी मोठी आत्या प्रार्थनेच्या वेळी नेहमी दाराजवळ बसायची आणि ते स्तोत्र सुरू झाले की मान खाली घालायची. तिला मूल झाले नाही. मुलांना देवाची देणगी म्हटले की ती ज्यांना मिळाली नाही त्यांच्याविषयीही आपण काहीतरी बोलून जातो, हे मला तुझ्या जन्मानंतर उमगले आणि त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आपल्या घरी तुझ्या वाढदिवसाला मी ते स्तोत्र वाचत नाही, त्याचे कारण हे आहे. आजोबांना मी ते सांगितलेले नाही.

'परत देणे' म्हटले की मला बायबलमधील हन्ना आठवते. तिने रडून, नवस करून मागितलेला शमुवेल दूध तुटल्यावर शिलो येथे एली याजकाकडे नेऊन सोडला, एवढे रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवले होते. पुढच्याच अध्यायात लिहिले आहे की ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. त्यावर मात्र कोणी थांबले नाही. वर्षभर डोळ्यांआड असलेल्या मुलाचे माप तिला कसे कळत असेल? अंदाजानेच शिवत असेल, बहुधा थोडा सैल, आणि शिवताना हात किती लांब झाले असतील, खांदे किती भरले असतील, हे मनाशी पुन्हा पुन्हा मोजत असेल. मूल देवाला देऊन टाकल्यावरही तिचे आईपण संपलेले दिसत नाही.

मी या देशात यायला निघाले, तेव्हा आजोबांनी तीच प्रार्थना केली आणि "तुझ्या हाती देतो" या शब्दांपाशी त्यांचा आवाज अडखळला. इतकी वर्षे दर वाढदिवसाला ते याच दिवसाची तयारी करत होते, असे मला तेव्हा वाटले.

तू माझीच आहेस. माझ्या मालकीची आहेस, असे म्हणायला मात्र मी धजत नाही, आणि त्या वाक्यातून मला बहुधा एवढेच घ्यायचे असते. तुझा विश्वास काय असावा हे तुझे तूच ठरवशील. मी आग्रह धरणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन. पुढच्या वाढदिवसाला तू शिकायला दुसऱ्या शहरात असशील. तेव्हा मी फोनवर तुझ्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का, ते सांग, आणि त्यात कोणते शब्द नकोत, तेही सांग.

तुझी,
आई