मालिश सुरू करताय? आधी हे वाचा

ताई, मला आमवात (सांधे सुजवणारा संधिवात, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) होऊन बारा वर्षं झाली, म्हणून चार गोष्टी आगाऊपणे सांगते. मालिशने आजार जात नाही. दुखऱ्या सांध्यांना जपत जपत आवळून धरलेले खांदे, पाठ, पोटऱ्या मोकळ्या होतात आणि त्या रात्री झोप बरी लागते. मला तेवढंही पुष्कळ वाटतं. आठवड्याची मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवात आटोक्यात ठेवणारं औषध, मात्र चुकवायची नाही.

सांधा सुजलेला, गरम असेल तर त्याला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या वर्षी मी हे ऐकलं नाही. मालिशवाल्या मावशींनी सुजलेलं मनगट 'रग जिरेपर्यंत' रगडलं आणि पुढचे तीन दिवस मला चहाचा कप उचलवेना. वैद्यसुद्धा आमवाताच्या ऐन भरात तेल लावत नाहीत, गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात.

मान कुणालाही कट्कन मोडू देऊ नका, सलूनवाल्याला तर नाहीच. या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर मालिश नकोच, थेट दवाखाना गाठा.

पहिल्यांदा वीस मिनिटं, हलक्या हाताने. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकेल. दोन दिवसांहून जास्त ठणकलं तर दाब जास्त झाला. आणि 'दुखतंय' म्हणायला लाजू नका हो, पैसे आपण देतोय.