‘सिस्टर, माहा पोरगा वाचन ना?’

प्रश्न : मी नागपुरातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणाच्या आईने मला दारातच अडवून वरील प्रश्न विचारला. मी ‘स्टेबल आहे’ असे सांगितले. त्यांनी लगेच गावी फोन करून मुलगा सुधारत असल्याचे कळवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तेव्हापासून नातेवाइकांशी बोलायची भीती वाटते. काय बोलावे?

उत्तर : तुम्ही खोटे बोलला नाहीत. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन काही तास एका पातळीवर राहिले की आपण ‘स्टेबल’ म्हणतो. पण गडचिरोली-गोंदियाहून येऊन व्हरांड्यात चादर अंथरून रात्र काढणाऱ्या आईला त्यातून ‘धोका टळला’ एवढेच ऐकू येते. हा शब्द नातेवाइकांपुढे वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्रकृती गंभीरच आहे, मात्र सकाळपासून रक्तदाब आणखी घसरलेला नाही’ असे सांगावे. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचा आकडाही सांगू नये. ते मोजमाप ३ पासून १५ पर्यंत असते, पण घरच्यांना ते परीक्षेच्या गुणांसारखे वाटते आणि ६ चे ७ झाले की त्यांची आशा भलतीच वाढते.

वाचेल की नाही, हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे. तरीही ‘डॉक्टरांना विचारा’ एवढे बोलून पाठ फिरवू नये. ‘आई, ते मला आज सांगता येत नाही, डॉक्टर राउंडला आले की तुम्हाला बोलावते आणि मीही तिथे थांबते’ असे म्हणावे आणि खरोखरच थांबावे, कारण डॉक्टर गेल्यावर ‘ते काय म्हणाले?’ हा प्रश्न तुम्हालाच येणार असतो. छिंदवाडा-बालाघाटकडच्या कुटुंबांशी हेच हिंदीत बोलावे.

पहिल्या भेटीआधी त्यांना बाहेर बसवून आत काय दिसेल ते सांगावे : चेहरा सुजला आहे, तोंडात नळी आहे, ती ओढली जाऊ नये म्हणून हात सैल बांधले आहेत, मशीन मध्येच वाजते. आत गेल्यावर बहुतेक आया पलंगापासून दोन पावले दूरच थबकतात, आपल्या हातून काही निसटेल या धास्तीने. अशा वेळी सलाइन नसलेला हात दाखवावा आणि म्हणावे, ‘हा हात धरा, नावाने हाक मारा.’