लिओनार्दोच्या वहीतून काय घ्यायचं

प्रिय मित्रा,

लिओनार्दो दा विंचीबद्दल वाचून तू वही सुरू केलीस, याचा मनापासून आनंद झाला. त्याच्या वह्यांची सात हजारांहून जास्त पानं आज शिल्लक आहेत. त्यातली उजवीकडून डावीकडे लिहिलेली, आरशातल्यासारखी उलटी अक्षरं गिरवू नकोस. तो डावखुरा होता, त्याला तसं लिहिणं सोयीचं होतं. घ्यायची ती प्रश्न लिहिण्याची रीत. त्याच्या दोन नोंदी बघ (फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश): ‘फ्लँडर्समध्ये लोक बर्फावर कसे चालतात, हे बेनेदेत्तो पोर्तिनारीला विचारायचं.’ ‘सुतारपक्ष्याच्या जिभेचं वर्णन करायचं.’ पहिल्या नोंदीत कुणाला गाठायचं ते आहे, दुसरीत काय निरखायचं ते. ‘पक्षी समजून घ्यायचेत’ एवढंच लिहिलंस, तर उद्या सकाळी काय करायचं हेच ठरत नाही आणि वही आठवड्यात मागे पडते.

आता मेंदूचं बघ. मेंदूत तीन गोल पोकळ्या एकामागे एक असतात, असं तेव्हा मानत. १४९०च्या सुमारास त्यानंही तशाच काढल्या. पुढे १५०८च्या आसपास त्यानं बैलाचा मेंदू घेतला. मोठ्या पोकळ्यांच्या टोकांना दोन भोकं पाडून बारीक नळ्या बसवायच्या, मागच्या पोकळीला भोक पाडून पिचकारीनं वितळलेलं मेण भरायचं, मेण घट्ट झालं की त्याभोवतीचा मेंदू काढून टाकायचा. नळ्या हव्यातच, नाहीतर आतली हवा कोंडते आणि मेण टोकापर्यंत जात नाही. हाती आलेला आकार त्या तीन गोलांसारखा मुळीच नव्हता.

हवेला वाट ठेवणं ही ओतकामातली, म्हणजे साच्यात वितळलेला धातू ओतण्याच्या कामातली, युक्ती. तो व्हेरोक्कियो या शिल्पकार-चित्रकाराच्या फ्लॉरेन्समधल्या कार्यशाळेत तयार झाला, तिथं धातूचंही काम चाले. सर्जनशीलता म्हणतात ती मला इथं दिसते: एका धंद्यातली युक्ती दुसऱ्याच प्रश्नाला लावणं. म्हणून पुस्तकांच्या जोडीला हाताचं एक काम शीक; सुतारकाम, ओतकाम, शिवण, काहीही. आणि वहीत डाव्या पानावर आधी तुझ्या अंदाजाचं चित्र काढ, उजवं पान प्रत्यक्ष बघितल्यावर भर. दोन्हीकडे तारीख हवी. अंदाज चुकला तरी खोडू नकोस.

त्याचं फसलं तेही बघ. मिलानमधलं ‘द लास्ट सपर’ (१४९५–९८) हे भिंतीवरचं चित्र त्यानं ओल्या गिलाव्यावर रंगवलं नाही. ओल्या गिलाव्यावर भराभर काम उरकावं लागतं, त्याला सावकाश फेरफार करायचे होते. कोरड्या भिंतीवर रंग नुसता वर बसला, आत मुरला नाही. त्याच्या हयातीतच पापुद्रे सुटू लागले. नवी पद्धत वापरशील तेव्हा आधी वीतभर तुकड्यावर वापर आणि त्यावरून एक पावसाळा जाऊ दे.

त्याची शरीररचनेची चित्रं मात्र वह्यांतच राहिली. १५४३मध्ये वेसालियस या वैद्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ छापून आला, तोवर लिओनार्दोला जाऊन चोवीस वर्षं झाली होती. याची मला खरोखर हळहळ वाटते. तेव्हा दर महिन्याला एक तरी प्रश्न तडीस ने, दोन पानांत स्वच्छ लिही आणि त्या विषयातल्या जाणत्या माणसाला दाखव. पहिली दोन पानं झाली की मलाही पाठव.

अनेक आशीर्वाद.